महावेगी मोटारी : त्यांचें वेगळेपण कशांत आहे?

रस्त्यावरून नित्य धांवणाऱ्या घरगुती मोटारीचें इंजिन साधारणपणें शंभर अश्वशक्तीच्या आसपास असतें. तिच्यांत चार-पांच माणसें बसतात, मागें सामान राहतें, आणि ती ताशीं ऐंशी-शंभर किलोमीटरांच्या वेगानें आपल्या मुक्कामीं सुखरूप पोंचते. संसारी माणसाचें काम एवढ्यानें भागतें. परंतु जगांत अशाहि कांहीं मोटारी आहेत कीं, ज्यांचें इंजिन सहाशें, हजार, किंबहुना त्याहूनहि अधिक अश्वशक्तीचें असतें, ज्यांत जेमतेम दोन-तीन माणसें बसूं शकतात, आणि ज्यांचा वेग ताशीं चारशें किलोमीटरांच्या घरांत जातो. प्रवासी विमान जमीन सोडून वर उठतें, त्या क्षणींहि त्याचा वेग याहून पुष्कळ कमी असतो. अशा मोटारींना ‘सुपरकार’ असें नांव रूढ झालें आहे.

सुपरकार या शब्दाची शास्त्रानें बांधून दिलेली अशी व्याख्या नाहीं. कोणी किंमत पाहतो, कोणी घाट पाहतो, कोणी अश्वशक्तीचा आंकडा पाहतो. पण किंमत रोल्स रॉइसचीहि मोठी असते, तरी तिला कोणी या पंक्तींत बसवीत नाहीं. सुंदर घाट साध्या गाडीलाहि देतां येतो. आणि अश्वशक्ति म्हणावी, तर अवजड मालमोटारींत पांचशें-सहाशें अश्वशक्तीचीं इंजिनें असतात. म्हणून मालमोटार कांहीं घोड्यासारखी उधळत नाहीं. तेव्हां या गाड्यांचें वेगळेपण नेमकें कोठें आहे, हें समजून घेण्यास तीन गाड्यांची हकीकत उपयोगी पडेल. पहिली इटलींतील, दुसरी इंग्लंडमधील आणि तिसरी फ्रान्समधील आहे.

फेर्रुच्चो लांबोर्गिनी हे इटलींतील गृहस्थ शेतकीचे ट्रॅक्टर तयार करून श्रीमंत झाले. १९६३ सालीं त्यांनीं बोलोन्या शहराजवळच्या सांत’आगाता या गांवीं मोटारींचा कारखाना काढला. त्यांच्याकडे दाल्लारा आणि स्तान्झानी या नांवांचे दोन इंजिनिअर होते. दोघेहि तिशीच्या आंतले. या तरुणांनीं एक धाडसाची कल्पना पुढें आणली. तोंवर रस्त्यावरच्या बहुतेक मोठ्या मोटारींत इंजिन पुढें, नाकाखालीं असे. यांनीं बारा सिलिंडरांचें सुमारें चार लिटरांचें इंजिन चालकाच्या पाठीमागें, मागच्या चाकांच्या पुढें, आडवें बसविलें. १९६५ च्या नोव्हेंबरांत तुरीनच्या प्रदर्शनांत या गाडीचा नुसता सांगाडा मांडला गेला. पुढें १९६६ च्या मार्च महिन्यांत जिनीव्हा येथें ती पूर्ण रूपांत लोकांपुढें आली. तिचा बाह्य घाट बेर्तोने यांच्या कारखान्यांतील मार्चेल्लो गांदिनी यांनीं घडविला होता. ‘मिउरा’ हें तिचें नांव. सुपरकारांची परंपरा पुष्कळ जाणकार येथूनच मोजतात.

इंजिन मधोमध आणण्यांत काय साधलें, हें कावडीच्या दृष्टांतानें ध्यानांत येईल. कावडीच्या दोन्ही टोंकांना पाण्याच्या घागरी असल्या म्हणजे माणसाला चटकन् वळतां येत नाहीं. आणि वळूं लागला तर कावड त्यालाच आपल्याबरोबर फिरवूं पाहते. तेंच पाणी डोक्यावर घेतलें तर माणूस जागच्या जागीं वळूं शकतो. ओझें तेवढेंच, पण त्याची जागा बदलली. मोटारीचेंहि तसेंच आहे. सर्वांत जड वस्तु मध्याजवळ आली कीं गाडी चालकाच्या हाताचें लवकर ऐकते.

मिउरेचें इंजिन ३५० अश्वशक्तीचें होतें, आणि तिच्या काळांत ती अतिशय वेगवान् गाडी होती. परंतु तिच्यांत एक उणीव राहिली. पेट्रोलची टाकी पुढच्या बाजूस होती. पेट्रोल जळत जाई, तसतसें गाडीचें नाक हलकें होत जाई. त्यांत भर वेगांत हवा नाकाखालीं शिरून पुढचा भाग वर उचलूं पाही, आणि मग पुढच्या चाकांची जमिनीवरची पकड सैल होई. म्हणजे गाडीला वेग दिला गेला होता, पण त्या वेगाचें सर्व देणें चुकतें केलेलें नव्हतें. पुढील साठ वर्षांतील सुपरकारांचा इतिहास म्हणजे हें देणें चुकतें करण्याचाच इतिहास होय.

येथें हवेचा नियम थोडा समजून घेणें अवश्य आहे. कंबरभर पाण्यांतून सावकाश चालणाऱ्याला पाणी वाट देतें. पण तोच माणूस धांवूं लागला कीं तेंच पाणी भिंतीसारखें आडवें येतें. हवाहि अशीच वागते. मोटारीचा वेग दुप्पट केला कीं हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगानें मागें सारावयाचा असल्यामुळें त्यास लागणारी शक्ति आठपट होते. एखाद्या गाडीला ताशीं २०० किलोमीटर वेगानें हवा कापण्यास १०० अश्वशक्ति लागत असेल, तर तिलाच ४०० किलोमीटरांसाठीं ८०० अश्वशक्ति लागेल. शिवाय हवा नुसती अडवीत नाहीं, ती गाडीला उचलूंहि पाहते. गाडी खालीं दाबून धरण्यासाठीं पंख लावावा, तर तो पंख स्वतःच हवेला अडतो व वेग खातो. अशा परस्परविरोधी मागण्यांची समजूत घालणें, हें या गाड्या घडविणाऱ्यांचें खरें काम.

हें काम दोन मार्गांनीं करतां येतें. एक तर ओझें कमी करावें, नाहीं तर बळ वाढवावें. पहिल्या मार्गाचा आदर्श म्हणून ज्या गाडीकडे बोट दाखवितात, ती इंग्लंडमधील मॅकलॅरन एफ-वन होय. तिचे कर्ते गॉर्डन मरे. यांचा जन्म १९४६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत डर्बन येथें झाला. तरुणपणीं ते इंग्लंडांत आले आणि शर्यतीच्या मोटारी आंखण्यांत त्यांनीं मोठें नांव मिळविलें. १९८८ सालीं मॅकलॅरन कंपनीच्या गाड्यांनीं त्या वर्षींच्या १६ ग्रां प्री शर्यतींपैकीं १५ जिंकल्या. जी एक हातची गेली, ती इटलींतील. ती शर्यत आटोपून परततांना विमानास उशीर झाला, आणि मिलानच्या विमानतळावर कंपनीचे चालक रॉन डेनिस, त्यांचे भागीदार मन्सूर ओजेह, सहकारी क्रेटन ब्राउन आणि मरे अशा चौघांचें बोलणें निघालें. शर्यतींत आतां मिळविण्यासारखें फार राहिलें नाहीं. रस्त्यावर चालणारी सर्वोत्तम मोटार करून पाहावी, असा विचार त्या बैठकींत रुजला.

मरे यांनीं ठरविलेलें पहिलें बंधन इंजिनाविषयीं नव्हतें, तें वजनाविषयीं होतें. गाडी हजार किलोंत बसवावयाची, असा त्यांचा निश्चय होता. त्यासाठीं गाडीचा सांगाडा पोलादाचा न करतां कार्बन फायबरचा केला. कोळशाच्या अति बारीक तंतूंचें कापड विणून, तें राळेंत भिजवून, थरावर थर देऊन दाबाखालीं भाजलें कीं जो पदार्थ तयार होतो, तो पोलादापेक्षां कितीतरी हलका असून ताठपणांत त्याला हार जात नाहीं. शर्यतीच्या गाड्यांत तो वापरांत होता. रस्त्यावरच्या विक्रीच्या मोटारीचा संपूर्ण सांगाडा त्याचा करण्याचा मान या गाडीला मिळाला. चालकाची बैठक गाडीच्या मधोमध ठेवून तिच्या दोन्ही बाजूंस, किंचित् मागें, दोन प्रवाशांच्या बैठका योजिल्या. त्यामुळें चालकाचे पाय सरळ पुढें जातात, आणि त्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात. स्टिअरिंगला व ब्रेकला यंत्राची मदत दिली नाहीं. कारण ती मदत देणारीं यंत्रेंहि वजनदार असतात, आणि रस्त्याची जाण चालकाच्या हातापायांना थेट व्हावी, असा मरे यांचा आग्रह होता.

इंजिनासाठीं प्रथम होंडा कंपनीकडे विचारणा झाली; परंतु तें जमलें नाहीं. मग जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या पाउल रोशे यांनीं तें काम अंगावर घेतलें. मरे यांनीं ५५० अश्वशक्ति मागितली होती. रोशे यांनीं ६२७ अश्वशक्तीचें, सहा लिटरांहून किंचित् मोठें, बारा सिलिंडरांचें इंजिन करून दिलें. मात्र ठरलेल्या वजनापेक्षां तें १६ किलो जड भरलें. सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्ति अधिक मिळाल्यावर सोळा किलोंचें काय एवढें, असें दुसऱ्या कोणासहि वाटलें असतें. मरे यांच्या हिशेबीं मात्र ते सोळा किलो दुसरीकडून कोठूनतरी कमी करणें भाग होतें.

या इंजिनाच्या कोठडीच्या आंतल्या बाजूस शुद्ध सोन्याचा वर्ख दिला आहे. श्रीमंतीचें प्रदर्शन म्हणून हें केलें असावें, असा पुष्कळांचा ग्रह होतो; पण कारण निराळें आहे. उष्णतेचे किरण परतविण्यांत सोन्याची बरोबरी फार थोडे पदार्थ करूं शकतात. इंजिनाच्या धुराड्याची धग कार्बन फायबरला लागली तर तो दुबळा होतो. जाड आवरण घालावें तर वजन वाढतें. वर्खास लागलें सोनें अवघें १६ ग्रॅमांच्या आसपास. एखाद्या गृहिणीच्या हातांतील बांगड्याहि याहून अधिक भरतील. मिठाईवर वर्ख लावावा तसें हें सोनें लावलें, आणि तेवढ्यानें एक मोठी अडचण निवारली गेली.

१९९२ च्या मे महिन्यांत मोनॅको येथें ही गाडी प्रथम दाखविण्यांत आली. तिचें वजन अखेर १,१३८ किलो भरलें. हजार किलोंची प्रतिज्ञा पुरी झाली नाहीं. परंतु एवढें वजन म्हणजे एखाद्या मध्यम घरगुती मोटारीचें वजन, आणि तेवढ्यांत सहाशें सत्तावीस अश्वशक्ति सामावली होती. या हलकेपणानें बळ कमी झालें काय, याची परीक्षा लवकरच झाली. १९९३ सालीं आफ्रिकेंतील नामिबियाच्या रखरखीत प्रदेशांत गाडीची उन्हाळी चांचणी चालू होती. चांचणी घेणाऱ्या चालकाची गाडी भर वेगांत एका दगडावर आदळून कोलांट्या खात गेली आणि जळून नष्ट झाली. परंतु चालक बसला होता तो कार्बन फायबरचा गाभा शाबूत राहिला, आणि तो गृहस्थ आपल्या पायांनीं बाहेर आला. सुपरकारच्या किंमतींत केवळ वेग मोजला जात नाहीं. वेग हातून सुटला असतां आंतल्या माणसाचें काय होईल, याचा विचारहि त्यांत मोजलेला असतो.

ही गाडी शर्यतीसाठीं केलेली नव्हती. तरी गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून तिचें शर्यतीचें रूप तयार झालें, आणि १९९५ सालीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या सुप्रसिद्ध शर्यतींत तिनें पहिला क्रमांक पटकावला. शर्यतीच्या नियमांप्रमाणें इंजिनांत जाणारी हवा आंवळून धरावी लागते. त्यामुळें शर्यतींतील गाडीची शक्ति रस्त्यावरच्या गाडीपेक्षां कमीच होती. पावसांत, रात्रीं, ओल्या रस्त्यावर अखेरपर्यंत टिकून राहणें, हें तेथें निर्णायक ठरलें. पुढें ३१ मार्च १९९८ रोजीं जर्मनींत एरा-लेसिएन येथील चांचणी-मार्गावर अँडी वॉलेस या चालकानें हीच गाडी दोन्ही दिशांनीं पळवून ताशीं सरासरी ३८६ किलोमीटरांचा वेग गांठला. वुल्फ्सबर्ग शहराजवळच्या या मार्गावर सुमारें पावणेनऊ किलोमीटरांचा सरळ पट्टा आहे, आणि अशा वेगाला तेवढी जागा लागते.

ज्या वर्षीं हा पराक्रम झाला, त्याच १९९८ सालीं दुसऱ्या मार्गाचा आरंभ झाला. एरा-लेसिएनचा मार्ग ज्यांच्या मालकीचा, त्या फोक्सवागन कंपनीनें बुगाटी या जुन्या फ्रेंच घराण्याचें नांव व हक्क विकत घेतले. कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पिएख हे स्वतः निष्णात इंजिनिअर होते. त्यांनीं असें ठरविलें कीं, हजाराहून अधिक अश्वशक्तीची आणि ताशीं चारशें किलोमीटरांच्या पुढें जाणारी मोटार करावयाची. पण ती सभ्य गृहस्थास नाटकाला जातांना नेतां यावी इतकी शांत व सुखाची असली पाहिजे. मागण्या अशा कीं, एक पुरी करावी तर दुसरी अडून बसावी. ठरलेली मुदत टळली. अखेर २००५ सालीं फ्रान्सच्या अल्सेस प्रांतांतील मॉल्सहाइम येथून ही गाडी बाहेर पडूं लागली. १९३९ सालीं बुगाटीच्या गाडींतून ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जोडीपैकीं पिएर व्हेरों यांचें नांव तिला दिलें.

व्हेरोंचें इंजिन आठ लिटरांचें, सोळा सिलिंडरांचें असून त्यांत हवा कोंबणारे चार टर्बो आहेत. शक्ति १,००१ अश्वशक्ति. वेग ताशीं ४०७ किलोमीटर. परंतु बळाचा मार्ग धरला कीं मागून काय काय येतें, याचें ही गाडी उत्तम उदाहरण आहे. पेट्रोलच्या इंजिनांत जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं चाकांपर्यंत पोंचणारा भाग साधारण एक तृतीयांश. उरलेले दोन भाग धुराड्यावाटे व पाण्यावाटे बाहेर टाकावे लागतात. म्हणजे हजार अश्वशक्ति चाकांना द्यावयाची असेल, तर दोन हजार अश्वशक्तीएवढी आग सांभाळावी लागते. साध्या मोटारीला पाणी थंड करणारा एक रेडिएटर पुरतो. व्हेरोंला इंजिनाच्या पाण्यासाठीं तीन, कोंबलेल्या हवेसाठीं तीन, आणि गिअरचें तेल, डिफरन्शिअलचें तेल, इंजिनाचें तेल व बैठकीची हवा यांसाठीं एक-एक, असे एकूण दहा लागले. या सर्व सरंजामाचें वजन आलेंच. गाडी १,८८८ किलो भरली.

मग टायरांचा प्रश्न. ताशीं चारशें किलोमीटर म्हणजे सेकंदाला १११ मीटर. या वेगांत तिचें मागचें चाक एका सेकंदांत सुमारें पन्नास फेरे घेतें. गोफण फिरवितांना दगड हात ओढतो, त्याप्रमाणें टायरच्या धांवेवरील रबराचा कण न् कण बाहेर निसटूं पाहतो. गणित मांडलें तर एका ग्रॅमाच्या रबराची ओढ साडेतीन किलोंच्या वजनाइतकी होते. अशा चाकासाठीं मिशेलिन कंपनीला खास टायर तयार करावे लागले. ब्रेकांचेंहि तसेंच. दोन टनांची गाडी त्या वेगावरून उभी करावयाची, तर जी उष्णता ब्रेकांत आणि हवेंत विरघळवावी लागते, तिच्यावर सुमारें चाळीस लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापेल. आणि हें काम दहा सेकंदांच्या आंत उरकावयाचें. लोखंडी चकत्या तेथें टिकणार नाहींत, म्हणून कार्बन व सिरॅमिकच्या चकत्या घातल्या. शिवाय भर वेगांत ब्रेक दाबतांच मागचा पंख उभा राहून हवेला आडवा येतो.

या गाडीला दोन किल्ल्या आहेत. एका किल्लीनें ती नेहमीसारखी चालते. परंतु एका मर्यादेपलीकडचा वेग हवा असेल, तर गाडी उभी करून चालकाच्या बैठकीजवळ दुसरी किल्ली फिरवावी लागते. मग गाडी जमिनीजवळ बसते, पंख आंत जातो, आणि तेव्हां कोठें पूर्ण वेगाची परवानगी मिळते. धांवतांना ब्रेकवर पाय पडला कीं ही परवानगी आपोआप रद्द होते. यंत्रानें माणसाला थांबून विचार करावयास लावावें, ही योजना मोठी शहाणपणाची आहे. पूर्ण वेगांत शंभर लिटर पेट्रोलची टाकी सुमारें बारा मिनिटांत रिकामी होते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

२०१० सालीं याच गाडीची सुधारलेली आवृत्ति निघाली. शक्ति १,००१ वरून १,२०० वर नेली, आणि वेग ४०७ वरून ४३१ वर गेला. म्हणजे दोन घरगुती मोटारींच्या इंजिनांइतकी भर घातल्यावर हातीं काय आलें, तर ताशीं चोवीस किलोमीटर! हवेचा तो आठपटीचा नियम कोणाचीहि भीड धरीत नाहीं. पुढें २ ऑगस्ट २०१९ रोजीं त्याच एरा-लेसिएनच्या मार्गावर, त्याच अँडी वॉलेस यांनीं, बुगाटीच्या शिरों या पुढल्या गाडीच्या खास रूपांत एका दिशेनें ताशीं ४९० किलोमीटरांचा वेग गांठला. तेव्हां त्यांचें वय ५८ वर्षांचें होतें. त्या गाडीचें इंजिन १,६०० अश्वशक्तीचें होतें, आणि धांव घेण्यापूर्वीं तिचे टायर क्ष-किरणांखालीं तपासून घेतले होते.

आतां एक रोकडा प्रश्न उरतो. हा वेग जगांतील कोणत्याहि सार्वजनिक रस्त्यावर नित्य वापरतां येत नाहीं. जर्मनींतील मोठ्या रस्त्यांच्या कांहीं भागांवर वेगाची मर्यादा नाहीं हें खरें. पण तेथेंहि इतर वाहनें असतात, आणि चारशेंच्या वेगानें जाणाऱ्यास समोरचें वाहन दिसेपर्यंत तें जवळ येऊन ठेपतें. मग या गाड्यांचें प्रयोजन काय? मॅकलॅरन एफ-वन सर्व मिळून १०६ निघाल्या. त्यांपैकीं एक २०२१ सालीं अमेरिकेंतील लिलांवांत दोन कोटी डॉलरांहून अधिक किंमतीला गेली. ज्या गाडीचा एकेक ग्रॅम धांवण्यासाठीं खर्चिला, ती दालनांत झांकून ठेवण्याची मौल्यवान् वस्तु बनली. धनिकांचा शोक म्हणून या सर्व खटाटोपाची कोणी हेटाळणी केली, तर त्याला अगदींच चूक म्हणतां येणार नाहीं.

तथापि या गाड्यांतून जो धडा निघतो, तो धनिकांपुरता नाहीं. शक्ति मिळविणें दिवसेंदिवस सोपें होत आहे. क्रोएशियामधील रिमात्स कंपनीची नेव्हेरा ही विजेवर चालणारी मोटार २०२१ सालीं आली. तिला चार मोटरा असून त्यांची शक्ति १,९०० अश्वशक्तीहून अधिक आहे. २०२२ सालीं तिनें ताशीं ४१२ किलोमीटरांचा वेग दाखविला. धूर नाहीं, इंजिनाची गर्जना नाहीं. परंतु बॅटरीमुळें तिचें वजन दोन टनांच्या पुष्कळ वर आहे. शक्तीचा प्रश्न सुटला आणि वजनाचा प्रश्न पूर्वीपेक्षां मोठा होऊन पुढें उभा राहिला. साध्या मोटारींचीहि तीच गत आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या गाडीपेक्षां आजची गाडी लठ्ठ झाली आहे. त्या लठ्ठपणासाठीं मोठें इंजिन, मोठ्या इंजिनासाठीं मोठे ब्रेक, मोठ्या ब्रेकांसाठीं मोठीं चाकें, आणि या सर्वांसाठीं अधिक इंधन, असें हें रहाट फिरत राहतें.

गॉर्डन मरे यांनीं २०२० सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, टी-५० नांवाची नवी गाडी जगापुढें ठेवली. चालक पुन्हां मधोमध. सांगाडा पुन्हां कार्बन फायबरचा. इंजिन बारा सिलिंडरांचें, अवघें चार लिटरांचें. मागें चाळीस सेंटिमीटरांचा एक पंखा आहे. तो गाडीच्या पोटाखालची हवा ओढून घेऊन तिला जमिनीशीं धरून ठेवतो. हजार-दीड हजार अश्वशक्तीच्या जमान्यांत हिची शक्ति साडेसहाशेंच्या आसपास. सर्वांत जास्त वेगाचा उच्चांक करणें हा तिचा हेतूच नाहीं. परंतु तिचें वजन हजार किलोंच्या आंत आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं जो आंकडा हुकला होता, तो म्हाताऱ्यानें अखेर गांठला.

तेव्हां सुपरकारचें वेगळेपण शोधणाऱ्यानें वेगाच्या आंकड्याकडे पाहून थांबूं नये. तो आंकडा गांठण्यासाठीं टायर, ब्रेक, सांगाडा, हवा, उष्णता आणि आंतला माणूस यांपैकीं प्रत्येकाची तरतूद किती चोख केली आहे, हें पाहावें. एकाची जरी उपेक्षा झाली, तरी बाकीच्यांचें कर्तृत्व फुकट जातें. आणि दुसरें असें कीं, जें ओझें गाडीवर घातलेंच नाहीं, त्याला पळविण्यास शक्ति लागत नाहीं, थांबविण्यास ब्रेक लागत नाहीं, आणि त्याच्यासाठीं इंधनहि जळत नाहीं. चारशें किलोमीटरांच्या वेगाशीं ज्यांना कधींहि कर्तव्य पडणार नाहीं, अशा कोट्यवधि घरगुती मोटारींना व त्या घडविणाऱ्यांना हा एवढा हिशेब नीट समजला, तरी या महावेगी गाड्यांवर झालेला खर्च वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं.